झाडे मोजली, माती मोजायची राहिली

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हेदर नावाच्या खुज्या, जांभळ्या फुलांच्या झुडपांचे विस्तीर्ण माळ आहेत. हवामानबदल रोखण्यासाठी झाडे लावायला जागा शोधणाऱ्याच्या नजरेत चटकन भरावी अशी ही मोकळी जमीन. अशा माळांवर चार ठिकाणी बर्च आणि स्कॉट्स पाइन ही तिथलीच देशी झाडे लावली गेली होती. पुढे काय झाले याचा हिशेब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बर्च लावून बारा वर्षे झालेल्या ठिकाणी मातीतला सेंद्रिय कार्बन शेजारच्या, झाडे न लावलेल्या माळापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी भरला. बारा वर्षांत खोडाफांद्यांत जमलेला कार्बन ही तूट भरून काढण्याइतका नव्हता. एकोणचाळीस वर्षे जुन्या लागवडीत झाडे चांगली मोठी झाली होती, पण झाडांत आलेले आणि मातीतून गेलेले यांची वजाबाकी केल्यावर हाती निव्वळ वाढ काही लागली नाही. इथे कोणी जंगल तोडले नव्हते, वणवा पेटला नव्हता. जमिनीवरची वनस्पती बदलली, आणि तिच्याबरोबर मुळांच्या आश्रयाने राहणारी बुरशीही बदलली. संशोधकांचा रोख या दुसऱ्या बदलाकडे आहे.

तापमानवाढीने मातीतल्या बुरशीचे काय होईल, असे विचारले की त्याचा अर्थ बहुधा ‘ती मरेल का?’ असा घेतला जातो. माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेला आहे. बुरशी मरणार नाही, निदान सगळी तरी नाही. बदलणार आहेत त्या झाड आणि बुरशी यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या अटी. त्या बदलल्या की शतकानुशतके मातीत साठलेला कार्बन हवेत जाऊ शकतो, आणि तोही वर हिरवाई वाढत असताना. म्हणून केवळ झाडे मोजून हवामानाचा ताळेबंद मांडणारे धोरण अपुरे आहे एवढे म्हणणे पुरेसे नाही. काही प्रदेशांत ते थेट उलटे फळ देते. हा दावा मोठा आहे आणि त्याला आक्षेपही आहेत. त्यांतले काही मला खरेच वजनदार वाटतात, त्यामुळे ते बाजूला सारून पुढे जाता येणार नाही.

महाराष्ट्रातल्या द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागायतदारांना ‘मायकोरायझा’ हा शब्द कृषी सेवा केंद्रातल्या पाकिटावरून ओळखीचा आहे. तो घडवला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी, १८८५ मध्ये. प्रशियाच्या सरकारला ट्रफल या महागड्या, जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीची लागवड करायची होती आणि ते काम फ्रांक यांच्याकडे आले. ट्रफल काही पिकली नाही, पण निरोगी झाडांची मुळे बुरशीने वेढलेली असतात आणि ती बुरशी रोग नसून पोशिंदी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. आज या सहजीवनाचे तीन प्रकार आपल्या विषयापुरते पुरेसे आहेत. पहिल्यात बुरशी मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखी फांदते आणि वनस्पतीला प्रामुख्याने स्फुरद पुरवते. ज्वारी, ऊस, कापूस, आंबा, साग, बहुतेक गवते या पंथातली. मोहरी आणि कोबीचे कुळ मात्र बुरशीशिवायच संसार करते. दुसऱ्यात बुरशी मुळाच्या टोकाभोवती आवरण घालते, पेशींच्या आत जात नाही. पाइन, स्प्रूस, बर्च, ओक आणि आपल्याकडचे साल व देवदार या प्रकारचे. तिसरा प्रकार हेदर आणि त्याच्या भाऊबंदांचा. यांतल्या दुसऱ्या, आवरणवाल्या प्रकाराशी जगातल्या जेमतेम दोन टक्के वनस्पती जातींचे नाते आहे, पण पृथ्वीवरच्या एकूण झाडांपैकी सुमारे साठ टक्के झाडे त्या थोड्या जातींची आहेत. उत्तर गोलार्धाच्या थंड पट्ट्यातली अरण्ये म्हणजे बव्हंशी याच बुरशीचे राज्य.

हे राज्य कार्बनच्या दृष्टीने एवढे मोलाचे का, ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ॲव्हरिल, टर्नर आणि फिन्झी यांनी २०१४ मध्ये जगभरच्या मातीची आकडेवारी तपासली. आवरणवाल्या आणि हेदर प्रकारच्या बुरशीच्या परिसंस्थांमध्ये मातीतल्या दर एकक नत्रामागे कार्बन, पेशीत शिरणाऱ्या बुरशीच्या परिसंस्थांच्या १.७ पट निघाला. यामागची एक यंत्रणा बरीच आधी सुचवली गेली होती. न्यूझीलंडमधल्या रोटोरुआच्या वनसंशोधन संस्थेत रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी १९७१ मध्ये पाइनच्या लागवडीत एक साधी गोष्ट केली : झाडांची मुळे आणि त्यांवरची बुरशी काही ठिकाणी जमिनीवरच्या पालापाचोळ्यापासून तोडली. जिथे तोडली तिथे पाला लवकर कुजला. जिथे मुळे होती तिथे सावकाश. त्यावरून निघालेला निष्कर्ष असा की मुळांवरची बुरशी मातीतले नत्र आधीच उचलून झाडाला देते, त्यामुळे पाला कुजवणाऱ्या स्वतंत्र सूक्ष्मजीवांची उपासमार होते आणि कुजणे मंदावते. जगभरच्या मृदाशास्त्रात आज याला ‘गाडगीळ परिणाम’ म्हणतात. पुढच्या काळात हा परिणाम सगळीकडे सारखा दिसला नाही, काही ठिकाणी उलटाही दिसला. पण उत्तरेच्या अरण्यांत कार्बन साठतो तो मुख्यतः वरून पडणाऱ्या पानांमुळे, ही जुनी समजूत २०१३ मध्ये आणखी एका बाजूने ढासळली. स्वीडनमधल्या सरोवरांतल्या बेटांवर करिना क्लेमेन्सेन आणि सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा साठलेल्या कार्बनपैकी ५० ते ७० टक्के मुळांतून आणि मुळांवरच्या बुरशीतून आलेला आढळला. झाड मुळांवाटे साखर खाली पाठवते, बुरशी तिचे तंतू विणते, तंतू मरतात, आणि थंडीत त्यांचे अवशेष टिकून राहतात. तिथली माती म्हणजे बऱ्याच अंशी मेलेल्या बुरशीचा संचय.

इथवर बुरशी कार्बनची राखणदार वाटते. पण तिच्यातल्याच काही जाती नेमके विरुद्ध काम करतात, आणि तापमानवाढीचा प्रश्न इथे सुरू होतो. आवरणवाल्या बुरशीच्या वंशावळी उत्क्रांतीत कुजवणाऱ्या बुरशीपासून अनेकदा स्वतंत्रपणे निघाल्या. झाडाकडून आयती साखर मिळू लागल्यावर लाकूड आणि पाला फोडणारी बहुतेक विकरे त्यांनी गमावली. मात्र कॉर्टिनॅरियससारख्या काही कुळांनी मॅंगनीज पेरॉक्सिडेज नावाचे विकर जपून ठेवले. मातीतला जुना, चिवट सेंद्रिय माल फोडून त्यात अडकलेले नत्र बाहेर काढायला ते उपयोगी पडते. नत्र झाडाला मिळते. फुटलेल्या मालातला कार्बन मोकळा होतो. स्वीडनच्या अरण्यांतील सर्वेक्षणावरून ब्यॉर्न लिंडाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले की या कुळातली कॉर्टिनॅरियस ॲक्युटस ही बुरशी जिथे होती तिथे जमिनीच्या वरच्या सेंद्रिय थरात सुमारे ३३ टक्के कमी कार्बन होता. एका बुरशीच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडावा, हे ‘बुरशी’ नावाचा एकच डबा करून त्यावर विचार करणाऱ्यांना अडचणीचे आहे. मातीत किती बुरशी आहे हा आकडा त्यामुळे फारसे काही सांगत नाही. कोणती आहे आणि तिला साखर किती मिळते आहे, हे विचारावे लागते.

आता उष्णता येऊ द्या. आर्क्टिक प्रदेश १९७९ पासून पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. तिथल्या गोठलेल्या आणि अर्धगोठलेल्या जमिनीत वातावरणातल्या कार्बनच्या सुमारे दुप्पट सेंद्रिय कार्बन आहे. अलास्कातल्या टूलिक सरोवराकाठी टुंड्राच्या जमिनीवर लहान काचघरांसारखी आच्छादने घालून अठरा वर्षे उन्हाळ्यातली उष्णता वाढवण्यात आली. तिथले बुटके बर्च झुडूप फोफावले, आणि त्याच्या मुळांवर कॉर्टिनॅरियसचे प्रमाण वाढले, रुसुलाच्या कुळाचे घटले. झाडाला वाढीसाठी नत्र हवे, त्याच्याकडे साखर मुबलक, म्हणून महागडी पण जुना माल फोडणारी बुरशी पोसणे त्याला परवडते. स्वीडनमधल्या आबिस्कोला निसर्गानेच हा प्रयोग मांडून ठेवला आहे. तिथे डोंगरावर बर्चचे जंगल आणि खुरट्या झुडपांचा टुंड्रा शेजारी शेजारी आहेत. हार्टली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन्हींचा पूर्ण कार्बन मोजला, झाडे धरून. जंगल वर भरगच्च होते, तरी एकूण कार्बन उघड्या टुंड्रात जास्त निघाला. किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीतून आणखी एक गोष्ट दिसली : ऐन उन्हाळ्यात बर्चची वाढ जोरात असते तेव्हा मातीतला जुना कार्बन अधिक जळतो. उपग्रहाला दिसणारी ‘आर्क्टिकची हिरवाई’ अनेकांनी दिलाशाची बातमी म्हणून वाचली. आबिस्कोचे आकडे पाहिल्यावर त्या दिलाशात मला काही अर्थ वाटत नाही.

उष्णतेने झाड फोफावले तर असे होते. झाड खंगले तर काय? तेही पाहिले गेले आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, जिथे उत्तरेची सूचीपर्णी अरण्ये संपून समशीतोष्ण पानझडी अरण्ये सुरू होतात, त्या सीमेवर रोपे आणि माती दोन्ही १.७ आणि ३.४ अंशांनी तापवण्याचा प्रयोग वर्षानुवर्षे चालला. उत्तरेकडच्या जातींना ती उष्णता सोसली नाही, त्यांचे प्रकाशसंश्लेषण मंदावले, आणि मुळांवरच्या बुरशीची घडण बदलली. २०२३ मध्ये याच प्रयोगातून पुढचा निष्कर्ष आला : उष्णतेला पावसाच्या तुटीची जोड मिळाली की लांबवर तंतू पसरवणारी, जास्त साखर मागणारी बुरशी मागे पडते आणि थोडक्यात भागवणारी, मुळाजवळच घुटमळणारी बुरशी पुढे येते. निरनिराळ्या झाडांच्या मुळांवर एकाच बुरशीने राहण्याचे प्रमाणही घटते. आपल्याकडे वाट्याने शेती कसायला देतात तेव्हा साल वाईट गेले की जमीनमालक आणि कसणारा दोघेही वाटा नव्याने ठरवतात. मालकाला परवडेनासे झाले तर चांगला कसणारा निघून जातो आणि जो मिळेल त्यावर भागवावे लागते. झाडाचे असेच होते. तापमान बुरशीवर थेट घाव क्वचितच घालते. ते झाडाच्या मिळकतीवर घाव घालते, आणि परिणाम बुरशीपर्यंत त्या वाटेने पोचतो. म्हणूनच ‘उष्णतेने बुरशी वाढते की घटते’ या प्रश्नावरचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. अलास्का आणि मिनेसोटा यांची उत्तरे उलटी दिसतात, पण दोन्हीमागचा नियम एकच आहे.

ज्या ट्रफलने या शास्त्राची सुरुवात करून दिली तिची आजची अवस्था या नियमाचे रोकड उदाहरण आहे. फ्रान्स, स्पेन आणि इटलीत काळ्या ट्रफलचे उत्पन्न उन्हाळ्यातल्या पावसाशी बांधलेले आहे. कोरड्या उन्हाळ्यात ओक साखर राखून ठेवतो आणि ट्रफल उपाशी राहते. २०१९ च्या एका अभ्यासाने या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत युरोपातले हे उत्पन्न ७८ ते १०० टक्क्यांनी घसरेल असे अनुमान काढले. दरम्यान २०१७ मध्ये तीच ट्रफल वेल्समध्ये, आजवरच्या लागवडीच्या कितीतरी उत्तरेला, पिकून मिळाली. बाजाराला हे पुरेसे आहे. स्पेनमधल्या ओकच्या राईला त्याचा उपयोग नाही.

आक्षेपांकडे वळू. सर्वांत भक्कम आक्षेप कार्बन डायऑक्साइडच्या खताचा आहे. हवेत हा वायू वाढला की झाडे जोमाने वाढतात, आणि २०१६ मध्ये सेसार तेरेर व सहकाऱ्यांनी दाखवले की आवरणवाल्या बुरशीची झाडे नत्र कमी असतानाही सुमारे ३० टक्के वाढ साधतात. पेशीत शिरणाऱ्या बुरशीच्या वनस्पतींना नत्राच्या तुटीत ते साधत नाही. म्हणजे ही बुरशी झाडांना अधिक कार्बन शोषायला मदतच करते आहे, मग भीती कशाची? प्रश्न रास्त आहे. पण ते जास्तीचे नत्र येते कुठून? आकाशातून येत नाही. ते मातीतल्या सेंद्रिय मालातून खणून काढले जाते. तेरेर यांनीच २०२१ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा हे चित्र स्पष्ट झाले : जिथे वाढत्या वायूने झाडोरा जोरात वाढला तिथे मातीतला कार्बन घटण्याकडे कल होता, आणि जिथे झाडोरा बेताने वाढला तिथे मातीतला कार्बन वाढला. गवताळ प्रदेशांत मातीतला साठा सुमारे आठ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जंगलांत सरासरीने काहीच वाढ नाही. खत आहे हे मान्य. त्याची किंमत कोण भरते, हे सांगायचे राहून जाते. मिनेसोटातल्याच एका पीटच्या दलदलीत, जिथे उघड्या छताच्या मोठ्या कोठड्यांत संपूर्ण परिसंस्था नऊ अंशांपर्यंत तापवली गेली, बारीक मुळांची वाढ उष्णतेबरोबर झपाट्याने वाढली आणि त्याच दलदलीचा कार्बनचा साठा उष्णतेबरोबर घटत गेला. मुळे वाढणे म्हणजे कार्बन साठणे, असे समीकरण मांडणाऱ्याला ही दलदल उत्तर देते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. पेशीत शिरणाऱ्या बुरशीचे जीवाश्म स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या खडकात, सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या पेशींत, आजच्यासारख्याच आकाराचे सापडले आहेत. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या या बुरशीच्या आधारानेच, असे मानायला सबळ कारण आहे. तिने आजच्याहून कितीतरी उष्ण युगे पाहिली. इतकेच नव्हे, २०१५ च्या एका जागतिक सर्वेक्षणात या गटाच्या ९३ टक्के प्रकारांचा वावर एकाहून अधिक खंडांत आढळला. अशा जीवाला दोनतीन अंशांची काय मातब्बरी? या गटापुरता हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. पण वंश टिकणे आणि एखाद्या ठिकाणच्या मातीतला साठा टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आवरणवाल्या बुरशीला हे लागू पडत नाही. तिच्या जाती बऱ्याच स्थानिक असतात आणि झाडांशी जोड्या जुळलेल्या असतात. उत्तर अमेरिकेतल्या झाडांच्या हालचालींवरच्या २०२४ च्या अभ्यासात झाड आणि बुरशी यांच्या सुमारे ३५ टक्के जोड्यांना हवामानबदलाने धक्का बसेल असे अनुमान निघाले : झाडाला मानवणारे नवे हवामान एकीकडे, बुरशीला मानवणारे दुसरीकडे. बुरशीवाचून झाड काय करते, याचे उत्तर प्युर्तो रिको बेटावर मिळालेले आहे. तिथे पाइन लावण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकापासून पुन्हापुन्हा फसत होते. १९५५ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या पाइनखालची माती आणून मिसळली तेव्हा रोपे तगली. उष्णतेपासून पळणाऱ्या झाडांना उत्तरेकडे अशी माती नेऊन देणारे कोणी नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांवर आहे आणि तो मला सर्वांत उपयोगी वाटतो : बुरशीबद्दल फार वाढवून बोलले जाते. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड यांनी कॅनडातल्या जंगलात बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची ये-जा दाखवली. तिथून पुढच्या पाव शतकात झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना पोसते, अशी कथा जगभर पसरली. पुस्तके खपली, चित्रपट निघाले. २०२३ मध्ये जस्टिन कार्स्ट, मेलानी जोन्स आणि जेसन होक्सेमा या याच क्षेत्रातल्या तिघांनी पुरावे तपासून सांगितले की या दाव्यांपैकी बरेचसे प्रत्यक्ष जंगलातल्या मोजणीवर टिकत नाहीत आणि संशोधकांचे लेखही ते फुगवून उद्धृत करतात. जोन्स तर १९९७ च्या मूळ लेखाच्या सहलेखिका. स्वतःच्या कामाभोवतीची प्रभावळ स्वतः उतरवण्याचा असा प्रामाणिकपणा विज्ञानातही दुर्मीळ. याच न्यायाने २०२३ चा आणखी एक गाजलेला आकडाही नीट वाचला पाहिजे : वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाचा कार्बन बुरशीच्या तंतूंकडे पाठवतात, म्हणजे जीवाश्म इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या ३६ टक्के. बातम्यांत ‘बुरशी एवढा कार्बन साठवते’ असे छापून आले. मूळ आकडा पाठवणीचा आहे, साठ्याचा नाही. यातला कितीतरी भाग बुरशीच्या श्वासोच्छ्वासात लगेच परत जातो. माझ्या मांडणीला जाळ्याची कथा लागत नाही आणि हा आकडाही लागत नाही. तिला लागते ती झाडे असलेल्या आणि शेजारच्या झाडे नसलेल्या जमिनीतल्या कार्बनची मोजणी, आणि ती स्कॉटलंड आणि आबिस्को इथून आलेली आहे.

प्रयोग छोटे आणि अल्पकालीन असतात, हेही खरे. पण कालावधी वाढवल्याने चित्र नेहमी निवळते असे नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत पुरलेल्या तारांनी माती पाच अंश जास्त गरम ठेवली आहे. पहिल्या दहा वर्षांत कार्बन भराभर सुटला, मग काही वर्षे शांत गेली आणि सगळे स्थिरावले असे वाटले, मग पुन्हा सुटला, पुन्हा शांत. २६ वर्षांचा हिशेब २०१७ मध्ये आला तेव्हा कळले की मधल्या शांततेवरून काढलेले निष्कर्ष चुकले असते. ‘अजून थोडे थांबून पाहू’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. थांबण्याने जी निश्चिती मिळेल असे वाटते ती मिळायला पाव शतकही पुरले नाही.

यात आपले काय, असे मराठी वाचकाने विचारणे स्वाभाविक आहे. आपली माती उत्तरेची नाही. साग, आंबा, ज्वारी, गवत, सगळी पेशीत शिरणाऱ्या बुरशीची. स्कॉटलंडचे ५८ टक्के उचलून सोलापूरला लावणे हा अडाणीपणा होईल. आवरणवाली बुरशी आपल्या जवळपास आहे ती मुख्यतः सालाच्या जंगलांत. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये पहिल्या पावसाबरोबर सालाखाली निघणारा बोडा ही त्याच बुरशीची अळंबी, आणि तिचे येणे पहिल्या सरींवर अवलंबून असल्याने पाऊस लांबला की आदिवासींच्या बाजाराला ते आधी कळते. उरलेल्या मुलखासाठी कॅलिफोर्नियाच्या गवताळ भागातला एक प्रयोग जास्त जवळचा आहे. तिथे उष्णतेने बुरशीच्या तंतूंची लांबी चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली, तरी मातीच्या कणांचे पाण्यात टिकणारे ढेकूळ कमी झाले. तंतू वाढूनही माती सैल पडली. जोराच्या पावसात वाहून जाणाऱ्या जमिनीचा शेतकरी ही ओळ दोनदा वाचेल. पाकिटातला मायकोरायझा टाकून हे भरून निघेल, असे कोणी सांगत असेल तर त्यालाही आधी मातीचा जैविक अहवाल मागावा. परदेशांतल्या स्वतंत्र तपासण्यांत अशा अनेक पाकिटांत जिवंत बुरशीच सापडली नव्हती.

पण आपला खरा संबंध झाडे मोजण्याच्या सवयीशी आहे. महाराष्ट्राने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य ठेवले होते. भारताने २०३० पर्यंत जंगल आणि झाडोऱ्यातून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाचा जादा साठा करण्याचे आंतरराष्ट्रीय वचन दिले आहे. या लागवडीसाठी मोकळ्या जागा शोधताना दख्खनची गवताळ माळराने सर्वांत आधी डोळ्यांसमोर येतात, कारण सरकारी दप्तरात त्यांची नोंद अनेकदा ‘पडीक’ अशी असते. माळढोक आणि लांडगा तिथे राहतात हा मुद्दा पर्यावरणवाले मांडत आले आहेत. त्याला कार्बनचा मुद्दाही जोडायला हवा. गवताचा बहुतेक कार्बन जमिनीखाली असतो, आणि वाढत्या कार्बन डायऑक्साइडच्या काळात मातीत भर पडण्याची चिन्हे जगभरच्या प्रयोगांत दिसली ती अशा गवताळ जमिनींत, जंगलांत नव्हे. अशा माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया किंवा निलगिरी लावणे म्हणजे कमावणाऱ्या खात्यातले पैसे काढून न तपासलेल्या खात्यात टाकणे. मी झाडे लावण्याविरुद्ध नाही. तुटलेल्या जंगलाच्या जागी, त्याच मातीत, त्याच जातींची झाडे लावणे योग्यच आहे. तिथे बुरशीही बहुधा वाट पाहत असते. माझा विरोध आहे तो झाड वाढले की हवामान सुधारले असे गृहीत धरण्याला.

म्हणून मागणी साधी आहे आणि खर्चिकही नाही. कार्बनच्या नावाने पैसा किंवा श्रेय घेणाऱ्या प्रत्येक लागवडीत खड्डा खणण्यापूर्वी निदान तीस सेंटिमीटर खोलीपर्यंत मातीतला सेंद्रिय कार्बन मोजावा, शेजारचा तसाच एक तुकडा न लावता राखावा, आणि दहा वर्षांनी दोन्हींकडे पुन्हा मोजणी करून ती जाहीर करावी. वनविभागाकडे माणसे आहेत, कृषी विद्यापीठांकडे प्रयोगशाळा आहेत. ही अट ज्या लागवडीला पाळता येत नसेल तिने सावलीसाठी, फळांसाठी, लाकडासाठी जरूर झाडे लावावीत. हवामानाच्या ताळेबंदात तिची नोंद होऊ नये.